ऑफिसमधला श्रेडरचा कागद रद्दीत चालतो का?

चालतो, पण भाव कमी मिळतो. कागदाची किंमत त्याच्या तंतूंच्या लांबीवर असते आणि श्रेडर नेमके तेच तोडतो. म्हणून गोपनीय तेवढंच श्रेड करा. आमच्याकडे तर कँटीनचा मेन्यूसुद्धा श्रेड व्हायचा! पांढरा छापील कागद, पुठ्ठा, वर्तमानपत्रं वेगळी ठेवा. चहाचे कागदी कप त्यात नकोत, आत प्लास्टिकचा थर असतो. एटीएमच्या पावत्याही नकोत, तो थर्मल कागद, म्हणजे उष्णतेने छपाई होणारा, रसायनाचा लेप असलेला. आणि ओला डबा लांब ठेवा. भिजलेली, तेलकट रद्दी कोणी घेत नाही.

पुण्यात असाल तर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे चौकशी करा. 1993 पासूनच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ती उभी राहिली. वर्गीकरण त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.