ठाण्यात व्हीलचेअरवरच्या वडिलांना घेऊन कुठे कुठे जाता येईल?

खरं तर दहा ओळींत उत्तर देता आलं असतं. लोकल, बस, तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ), नाटक आणि खुर्ची साधी घ्यावी की मोटारची, एवढंच विचारलंयत. पण शेवटी लिहिलंयत, "पायऱ्या असतील तिथे आम्ही दोघं भाऊ बाबांना खुर्चीसकट उचलून घेऊ, त्याची काळजी नाही." हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. आमच्या दादाचं वाक्य आहे हे, शब्दन् शब्द.

मी नौपाड्यातली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. चाळिशी उलटेपर्यंत कॅलिपर (पायाला बांधायचा लोखंडी आधार) आणि कुबड्या, मग खांद्यांनी दगा दिला, तेव्हापासून व्हीलचेअर. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, हिशेबाची. घर तळमजल्यावर, म्हणजे म्हणायला तळमजला. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जुन्या इमारती उचलून बांधलेल्या असतात, तशी आमचीही आहे. रस्त्यापासून चार पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या.

दादा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सहा वर्षं रोज सकाळी साडेआठला त्याने मला खाली उतरवलं आणि संध्याकाळी सातला वर चढवलं. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने वॉचमन. इमारतीत कौतुक व्हायचं, भाऊ असावा तर असा. मीही करायचे, खोटं कशाला बोलू.

मग जुलैतली एक संध्याकाळ. दादा-वहिनी कल्याणला वहिनीच्या माहेरी गेलेले आणि पावसाने गाड्या बंद. वॉचमन बदली, त्याला माझी काही कल्पना नाही. मी सातला रिक्षातून उतरले आणि पायऱ्यांच्या तळाशी, छज्ज्याखाली बसून राहिले. समोर माझंच दार दिसत होतं. सकाळी निघताना दिवा चालू राहिला होता, तोही दिसत होता. येणारा-जाणारा थांबायचा, "उचलू का ताई?" एकट्याने उचलायचं काम नाही ते, त्यात पायऱ्या ओल्या. मी नको नको म्हणत राहिले. सव्वानऊला क्लासवरून दोन मुलं आली, बिचारी चांगली होती. एकाने आर्मरेस्टला धरून खुर्ची उचलली. आर्मरेस्ट वर ओढला की निघतो, हे त्याला कोण सांगणार? तो निघाला, खुर्ची तिरकी झाली, मी कठड्यावर आदळले. आणि ऑफिसातून निघाल्यापासून मला बाथरूमला जायचं होतं. पुढचं लिहीत नाही.

(उचलायची वेळ आलीच तर आधी ब्रेक लावा आणि फक्त पक्क्या सांगाड्याला धरा. आर्मरेस्ट नाही, फूटरेस्ट नाही. खुर्चीतल्या माणसाला विचारा, कुठे धरू. एकमेकांना विचारू नका. "तुझी बाजू जरा खाली घे" हे कपाट चढवताना म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी सोसायटीला अर्ज दिला, रॅम्प हवा. सर्वसाधारण सभेत विषय आला. रॅम्प म्हणजे पार्किंगची एक जागा जाणार, हे सगळ्यांच्या मनात होतं, पण तोंडाने कोण म्हणणार? सगळे छताकडे बघत असताना कमिटीतला माझा सख्खा भाऊ उठला आणि म्हणाला, "आम्ही घरचे आहोत ना. मी उचलतो की तिला. सोसायटीला खर्च कशाला?" अगदी मायेने म्हणाला. सभेने सुटकेचा श्वास सोडला आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

दीड वर्ष मी अर्ज देत राहिले, तेव्हा एक रॅम्प झाला. सात फुटांचा. दोन फूट उंची आणि सात फूट लांबी! टेम्पोत फ्रिज चढवायला फळी लावतात ना, तेवढा चढ. वर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या उरलेल्या चकचकीत फरशा बसवल्या. उद्घाटनाला नारळ फोडला. मी चढायला गेले तर निम्म्यावर पुढची चाकं हवेत. मागे वॉचमन होता म्हणून मी आज हे लिहितेय. महिनाभरात रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लागायला लागल्या, आणि "एवढा करून दिला तरी वापरत नाही" हेही माझ्या कानावर आलं.

गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे. एक इंच चढायला बारा इंच चाल. दोन फूट चढायचं तर चोवीस फूट रॅम्प. शेवटी निम्मा खर्च मी दिला आणि मिस्त्री मीच आणला. त्याला नियम-बियम काही सांगितले नाहीत, फक्त "एकास बारा" म्हटलं. त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक दाराच्या उंबऱ्याशी, दुसरं माझ्या हातात. भिंतीवर खडूने खुणा करत गेला आणि म्हणाला, सरळ जागा नाही, मोडून घेऊ. बारा फूट, मध्ये खुर्ची वळेल असा पाच फुटांचा सपाट चौथरा, उलटे बारा फूट. दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चार इंचांची गोट, म्हणजे चाक घसरणार नाही. वर खरबरीत कोबा. पाच दिवसांत काम झालं. ज्याला अडीच वर्षं जागा मिळत नव्हती ते!

जी पार्किंगची जागा गेली ती दादाच्या स्कूटरची. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तो एकदा म्हणतोच, "तुझ्यासाठी पार्किंग सोडलं." एकदा जेवता जेवता म्हणाला, "मग सहा वर्षं मी उचललं ते काय फुकट गेलं?" त्यावर मला तेव्हा बोलता आलं नाही. आता इथे सांगते. फुकट नाही गेलं रे, पण त्या सहा वर्षांत मी एकही नाटकाचा रात्रीचा प्रयोग पाहिला नाही, कारण तू दहाला झोपायचास. मैत्रिणीकडे गेले तर घड्याळ तुझं. एखाद्या रविवारी उगीच कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणावी असं वाटलं तर त्यासाठी दोन पुरुष जमवायचे? तू माझे पाय होतास हे खरं, पण पाय कधी "आत्ता नको, जेवतोय" म्हणतात का?

असो. तुमचे प्रश्न.

लोकल: ठाण्याला सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, फलाटापर्यंत पोचाल. खरी अडचण गाडीच्या दारात. ठाण्यावरून पुढे जाणाऱ्या गाड्या अर्धा मिनिट थांबतात, त्या सोडा. ठाण्याहूनच सुटणारी गाडी धरा, ती काही मिनिटं उभी असते. पहिल्यांदा नेणार असाल तर ९-१० नंबरच्या फलाटावरच्या ट्रान्स हार्बरने (ठाणे-नवी मुंबई लोकल) वाशी किंवा पनवेलकडे जा, दुपारी. अपंगांचा डबा लागतो तिथे फलाटावर टींटीं वाजत असतं, ते अंध प्रवाशांसाठी असलं तरी तुम्हालाही उपयोगी. २०१४ मध्ये घाटकोपरला फलाट आणि गाडीच्या फटीत पडून एका मुलीचे हात गेले, त्यानंतर उच्च न्यायालयाने कान पिळले आणि फलाट उंच करायला वेग आला. तरी फट आहेच. चढताना पुढची चाकं उचलून आत ठेवा, उतरताना पाठमोरे उतरा, मोठी चाकं आधी. पनवेलची गाडी घेतलीत तर बेलापूरला उतरून पेंधरची मेट्रो जरूर दाखवा बाबांना. १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, ११ स्टेशनं. डबा आणि फलाट एका पातळीत म्हणजे काय असतं ते त्यांना कळेल, आणि मग लोकलचा राग येईल तो वेगळा.

बस: खुर्चीसकट चढायचं तर बसचा तळ साधारण ४०० मिलिमीटरवर हवा, दाराशी उलगडणारी फळी हवी आणि बस फुटपाथला चिकटून उभी राहायला हवी. पहिल्या दोन गोष्टी पैसे टाकून विकत मिळतात. तिसरीच्या जागी स्टॉपवर रिक्षा उभ्या असतात. मी रिक्षाने जाते.

फुटपाथ: मोटारसायकली चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात. मोटारसायकल तिरकी होऊन जाते, खुर्ची अडते. दोन खांबांत निदान ९०० मिलिमीटर हवेत, तुम्ही तीन फुटांची टेप घेऊन हिंडा. तलावपाळीला पहाटे जा, संध्याकाळी नको.

नाटक, हॉल, दवाखाना, बँक: फोन करून "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "हो हो, आहे ना, आमची माणसं उचलतात." विचारा, "रस्त्यापासून बसायच्या जागेपर्यंत पायऱ्या किती?" समोरचा गप्प झाला की समजायचं.

कायदा आहे. २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. (मला दिव्यांग शब्द आवडत नाही, पण अर्जात तोच लिहावा लागतो.) लोक ये-जा करतात त्या जुन्या इमारती सोयीच्या करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून २०१७ ला, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सोयीचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा. नाट्यगृह, दवाखाना, देऊळ, स्टेशन, बँक सगळं यात येतं, खासगी असलं तरी. पण राहत्या सोसायटीत हा कायदा दाखवून सेक्रेटरीला घाबरवायला जाऊ नका. "लोकांसाठी खुली इमारत" या व्याख्येत ती सरळ बसत नाही, उगीच वाद हराल. तिथे मोजपट्टी आणि मिस्त्री जास्त उपयोगाचे.

आणखी एक. मी बोलतेय ती लहानपणापासून अशीच वाढलेली बाई. तुमचे वडील या वयात खुर्चीत बसलेत, त्यांना कदाचित मुलांनी उचललेलं आवडतही असेल. माझ्या रागावरून त्यांचं ठरवू नका, त्यांनाच विचारा. फक्त विचारताना दोघं भाऊ समोर उभे राहू नका, ते "नको" कसं म्हणतील?

दादा आता चौसष्टचा आहे, गुडघे गेलेत. रॅम्पवरून बाबागाड्या जातात, गॅसवाला जातो, चौथ्या मजल्यावरच्या काकू जातात. दादा कठडा धरून चार पायऱ्याच चढतो. मी दारातून बघते, काही बोलत नाही.

खुर्चीचं राहिलं. बाबांच्या हातांत जोर असेल तर साधी, घडीची, वजनाला हलकी घ्या. मोटारची नंतर. ती जड असते, रिक्षात मावत नाही आणि कुणी "उचलून घेऊ" म्हणालं तर कंबरेचं काही खरं नाही. आधी घरातल्या बाथरूमच्या दाराची चौकट आतून मोजा. १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते, जुन्या घरांत ती आत जात नाही. आणि घ्यायला जाताना बाबांना बरोबर न्या. मी गेले त्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. दुकानदाराला खुर्च्या खाली फुटपाथवर आणायला लावल्या.