टर्बो पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलाय, कॅट काढून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की दिवा लागल्यावर गॅरेजवाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा भाग, काढून सरळ पाइप टाकायला सांगतायत, आणि हा कॅट नेमकं काय करतो ते तुम्हाला जाणून घ्यायचंय. कृपा करून काढू नका. आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड कोणता आला ते विचारा.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो. माझ्या टर्बो पेट्रोलला हाच दिवा लागला तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला होता. पण पंपावर पेट्रोल भरलं की गाडी लवकर चालू व्हायची नाही, आणि झाली की थरथरायची. म्हणून वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. कोड निघाला पी०४४१. त्याचा कॅटशी संबंधच नव्हता. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये धरून ठेवतात आणि गाडी चालताना पर्ज व्हॉल्व उघडून इंजिनात जाळतात. माझा व्हॉल्व उघडाच अडकला होता. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, अशी गत झाली असती.

टर्बो गाडीत हा भाग जास्त गुंतागुंतीचा असतो. साध्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, बहुतेक वेळ व्हॅक्यूम असतो, त्यामुळे वाफ आपोआप ओढली जाते. टर्बोत मात्र गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तिथे उलट दाब तयार होतो. तेव्हा एकेरी व्हॉल्व ती वाट बंद करतो. बऱ्याच गाड्यांत वाफेसाठी दुसरी वाट टर्बोच्या आधीच्या नळीत काढलेली असते. टर्बोने दाबलेली थोडी हवा अरुंद तोंडातून जोरात सोडून तिथे ओढ निर्माण करतात. क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या, वायूंचीही अशीच दुहेरी सोय असते. एवढे होज, एवढे छोटे व्हॉल्व! एखादा फुटला किंवा अडकला तरी दिवा लागू शकतो.

पी०४२०, म्हणजे कॅट कमी काम करतोय असा कोड, आला तरच संशय कॅटवर. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही तो एकदम निवळतो, पण हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ते प्रमाण सांभाळायला, मागचा कॅटवर नजर ठेवायला. इंजिन गरम असताना मागच्या सेन्सरचं रीडिंग लाइव्ह दाखवायला सांगा. स्थिर असेल तर कॅट ठीक. भराभर वरखाली होत असेल तर तो थकलाय. तरीही एक्झॉस्ट कुठे लीक नाही ना, मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं, नाही ना, हे पाहिल्याशिवाय नवा घेऊ नका, कारण मिसफायर तसाच राहिला तर नवा कॅटही जळेल.

कॅट साधारण २५० ते ३०० अंश तापल्यावरच नीट कामाला लागतो, आणि टर्बोत एक्झॉस्टची बरीच उष्णता आधी टर्बोतलं चाक, म्हणजे टर्बाइन, खातं. म्हणून सकाळी गाडी चालू केल्यावर थोडा वेळ आरपीएम चढलेला राहतो. कॅट लवकर तापवायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते मुद्दाम करतो. सरळ पाइप टाकलात तर मागचा सेन्सर ते ओळखेल, दिवा पुन्हा लागेल, पीयूसीत गाडी अडकू शकेल, आणि तो सगळा धूर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकीवर पोरं घेऊन थांबलेल्यांच्या नाकात जाईल.

आणि पंपावर नोझल टक् करून बंद झालं की तिथेच थांबा. वरून आणखी भरलेलं पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात शिरू शकतं, आणि डबा भिजला तर तो बदलावा लागू शकतो.