पातळ शी, पुड्या आणि पोटातले जिवाणू

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची, फक्त अंगावर पिते. दोन दिवस पाण्यासारखी शी होतेय. सासूबाई म्हणतात, दूध बाधलं, थोडे दिवस तोड.

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी, पण दूध तोडू नका, जास्तच वेळा पाजा. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंसाठी. ते त्या खाऊन आम्ल तयार करतात आणि जुलाबाच्या जंतूंना तिथे बस्तान मांडणं जड जातं. शिवाय दुधातली आयजीए प्रतिपिंडं जंतूंना आतड्याच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. बाळाची स्वतःची आयजीए या वयात तुटपुंजीच असते. दूध बंद, म्हणजे दोन्ही बंद.

ओआरएस वाटी-चमच्याने, थोडं थोडं. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकतात, ते नको. झिंकची २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चमचाभर आईच्याच काढलेल्या दुधात विरघळवून रोज, शी थांबली तरी पूर्ण १४ दिवस. टाळू खोल गेली, सहा तास लंगोट कोरडा राहिला, शीत रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर तडक दवाखाना.

प्रश्न : डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. घरात मागची बाटली आहे. ती आणि प्रोबायोटिकची (चांगल्या जिवाणूंची) पुडी देऊ का?

उत्तर : बाटली आधी फेकून द्या. तान्ह्यांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक विषाणूंचे. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, मरतात ते बाळाच्या आतड्यातले चांगले जिवाणू. पुडीबद्दल मी फारसा उत्साही नाही. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिक दिलेली मुलं इतरांपेक्षा लवकर बरी झाली नाहीत. ओडिशातल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांच्या चाचणीत मात्र जंतुसंसर्ग घटला, पण तिथे ठरावीक जिवाणू, त्याचं खाद्य सोबत, आणि तेही निरोगी बाळांना. औषधाच्या दुकानातली कुठलीही पुडी म्हणजे ते नव्हे.

प्रश्न : रोटाचे तिन्ही डोस झाले, तरी जुलाब?

उत्तर : लस फक्त रोटाविषाणूवर आहे, तीही गंभीर आजार टाळण्यासाठी. भारतीय रोटाव्हॅकच्या चाचणीत पहिल्या वर्षी हे संरक्षण सुमारे ५६ टक्के होतं. तोंडावाटे दिलेल्या लसी आपल्याकडे युरोपापेक्षा कमी लागू पडतात. आतड्यातले जिवाणू हे त्यामागचं एक संभाव्य कारण. तरी ६, १०, १४ आठवड्यांचे डोस चुकवू नका.

प्रश्न : दिवसातून सात वेळा पिवळी, दाणेदार शी?

उत्तर : अंगावर पिणारं बाळ, वजन वाढतंय? मग हे जुलाब नाहीतच.