टीएनएफ-अल्फामुळे हृदयाच्या स्नायूपेशी कशा मरतात? मग ते रोखून हार्ट फेल्युअर बरं का होत नाही?

टीएनएफ-अल्फा, म्हणजे शरीरात दाह पेटवणारं प्रथिन (पुढे नुसतं टीएनएफ). त्यापायी माझ्या पीएचडीचं दीड वर्ष गेलं, म्हणून लिहिते.

पुस्तकातली वाट तुम्हाला माहीत असेलच. टीएनएफ पेशीवरच्या रिसेप्टर-१ ला चिकटतं, आत ट्रॅड आणि फॅड ही जोडणी करणारी प्रथिनं गोळा होतात, कॅस्पेज-८ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि पेशी आतल्या आत मोडीत निघते. पण त्याच रिसेप्टरवरून एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि पेशीला वाचवणारी प्रथिनं बनू लागतात. चित्रातला हा बाण सगळे गाळतात.

मी रॅटच्या दोन दिवसांच्या पिल्लांच्या हृदयातून पेशी काढायचे. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली अख्खी प्लेट एका लयीत धडधडायची. टीएनएफ घातलं. सकाळी बघते तर धडधड तशीच. गाइड म्हणाले, "डोस वाढव." वाढवला, तरी तेच. शेवटी सोबत सायक्लोहेक्झिमाइड दिलं, म्हणजे नवी प्रथिनं बनणंच बंद. रात्रीतून पेशी आक्रसल्या, तळापासून सुटून तरंगायला लागल्या. नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडची प्लेट मात्र ठीक होती. मीटिंगमध्ये मी म्हटलं, बचाव बंद पडला तरच टीएनएफ मारतंय. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा कल्चरचा हात कच्चा आहे."

मग एच९सी२ या रॅटच्या हृदयापासून बनवलेल्या, लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशींवर ट्युनेल (तुटलेला डीएनए उजळवणारी चाचणी) करून "एकटं टीएनएफ मारतं" असं पोस्टर लागलं. एच९सी२ धडधडतसुद्धा नाहीत! आणि ट्युनेल नेक्रोसिसनं, म्हणजे इजा होऊन फुटून, मेलेल्या पेशींतही उजळतं. हा पुरावा मी तेव्हाही मानला नाही, आजही मानत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. इटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ अडवणारी औषधं. इटानरसेप्टच्या हार्ट फेल्युअरवरच्या मोठ्या चाचण्या २००१ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवल्या. इन्फ्लिक्सिमॅबच्या जास्त डोसवर तर पेशंट बिघडले. सरसकट टीएनएफ अडवलं की वाचवणारी वाटही अडते, असं मला वाटतं. अर्थात चाचण्या फसण्याचं हे एकच कारण असेल असं नाही. आणि एकट्या टीएनएफनं रॅटच्या हृदयपेशी मेल्याचं १९९६ मध्ये छापूनही आलंय, तेव्हा माझ्या प्लेट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

तुम्ही प्रयोग करणार असाल तर नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडचा कंट्रोल लावाच, ट्युनेलसोबत कॅस्पेज-३ चा ब्लॉट (ते प्रथिन जागं झालंय का, हे दाखवणारी चाचणी) करा, आणि धडधडणाऱ्या प्लेटचे व्हिडिओ तारीख घालून ठेवा. गाइड नको म्हणाले तरी ठेवा. माझे अजून आहेत, ठोके मोजता येतात.