अज्जा घसरून पडला म्हणतात तेव्हा

पोरी, ऑर्थो वॉर्डात ड्युटी लागली म्हणालीस, बरं झालं, आता एक सवय पहिल्याच आठवड्यात लावून घे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडनं साठी-सत्तरीचा अज्जा खुब्याचं हाड मोडून आला की घरचे "न्हाणीत पाय घसरला" एवढंच सांगणार, पिण्याचं कुणी काढणार नाही आणि सून समोर असली तर अज्जा स्वतः तर नाहीच. म्हणून सगळ्यांना जरा बाहेर पाठव आणि "पिता का" असं नको, "मामा, शेवटची कधी घेतली, रोज किती पाकिटं लागतात" असं सरळ विचार, आवाजात राग नको.

एवढं का सांगतेय, तर अ‍ॅडमिट झाल्यावर रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटते. काही तासांत हात कापतात, घाम सुटतो, फिटही येते, आणि साधारण 48 ते 72 तासांत भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटून मोडक्या पायानं उठायला बघतात, नेमकं ऑपरेशनच्या आसपास. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय. यात जीव जातो गं, पण आधी कळलं तर औषधानं आवरता येतं, म्हणून डॉक्टरांच्या कानावर पहिल्याच रात्री घाल. ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 व्हिटॅमिन, लिहिलंय का बघ, नसेल तर विचार, नवीन आहेस म्हणून गप्प बसू नको. आणि भ्रम म्हणजे दारूच असंही धरू नको, पडताना डोकं आपटलं असेल तर आत रक्तस्राव असू शकतो, पिणाऱ्यांत तो जास्त होतो.

हाडाचं म्हणशील तर दारूनं नवीन हाड बनवणाऱ्या पेशी मंदावतात, लिव्हर बिघडलं की डी व्हिटॅमिनचं काम अडतं, जेवण सुटतं, मांड्या वाळतात, तळपाय बधिर होतात. हाड ठिसूळ आणि तोलही नाही. चालता चालता पडून खुबा मोडला म्हणजे हाड आधीच कमजोर होतं, म्हणून प्लेट बसवली की झालं असं नाही, हाडाच्या औषधाचंही डॉक्टरांना विचार की.

डिस्चार्जला "आजपासनं बंद करा" एवढंच म्हणून सोडू नको. घरी गेल्यावर परत रोजची सुरू झाली तर घरच्या घरी एकदम तोडणं धोक्याचं, डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडायची हे मुलाला नीट समजाव. टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, तिचा 14416 नंबर कागदावर लिहून दे, फुकट आहे. रात्री लघवीला उठताना पडतात, तेव्हा न्हाणीच्या वाटेवर दिवा आणि भिंतीला धरायला पाईप, हे काम अज्जा घरी पोचायच्या आधी करून घ्यायला सांग.