हात वर केलेला माणूस

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मे महिना, दुपारचे बारा. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कूलर नुसता गरम हवा फेकत होता. मानेवाड्याहून स्कूटीवर आलेल्या बाईंनी तोंडाचा दुपट्टा सोडता सोडताच सुरुवात केली, "मॅडम, पोट्टा दिवसभर माणसं मारून राहिला जी. अन् वरून हसते!"

मुलगा पंधरा वर्षांचा. नववीची परीक्षा संपली तशी पुण्याच्या मामाने व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट पाठवला. डोळ्यांवर चढवायचा, हातात दोन कंट्रोलर धरायचे, की आपण थेट त्या रणांगणात. तीन दिवसांपूर्वी तो धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून गेला, तिला ढकललं. आईची भीती एकच. आज बहीण, उद्या बाहेर कोणी?

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो, एरवी मोबाइलच्या गेमवरून. माझं उत्तर ठरलेलं असतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 14-15 वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांची आक्रमकता त्यांनी मुलांना नाही, आईवडिलांना विचारली. हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध त्यांना सापडला नाही.

"ते तिकडचं झालं," बाई म्हणाल्या. बरोबरच होतं. आकड्यांनी आईची झोप परत येत नाही.

मग मी विचारलं, मारबतीला जाता का? (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि शेवटी ते जाळतात.) "म्हणजे काय! लहानपणापासून. इतवारीतच माहेर आहे." तिथे काय ओरडता? त्या हसल्या. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत. पण ते तर वाईटाला जाळणं असते ना जी."

त्याच्या गेममध्येही समोरचे 'वाईट' म्हणूनच उभे केलेले असतात, मी म्हटलं. वाईटाचं वाईट झालं की आपल्याला बरं वाटतं. मुलाचं हसणं बरंचसं त्यातलं.

उठता उठता बाई म्हणाल्या, "तसा तीन दिवसांपासून हात नाही लावला त्या डब्याला. रुसला असेल." इतका वेळ बोलून खरी गोष्ट दाराशी आल्यावर सांगायची, ही आपल्याकडची रीतच आहे. मी म्हटलं, उद्या त्याला घेऊन या.

तो आला. पहिली वीस मिनिटं क्रिकेट. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "एकानं बंदूक टाकली होती." आणि त्याने करून दाखवलं. दोन्ही हात वर, तळवे माझ्याकडे, कोपरं कानांजवळ. काही क्षण हात तसेच ठेवले. "तो असा माझ्याकडे पाहून राहिला होता. माझ्याच उंचीचा. बोट दाबल्या गेलं."

मोबाइलवर किती मारले असशील? "हजारो. पण ते मुंग्यांएवढे दिसतात." हेडसेटमध्ये बोट दाबलं गेलं, नेमक्या त्याच वेळी बहिणीने मागून हेडसेट ओढला आणि खिदळली. तो धावून गेला तो तेव्हा.

"मले माहीत आहे ते खोटं आहे," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती ती याचीच.

मी त्याला लंडनचा एक प्रयोग सांगितला. 1960च्या दशकात अमेरिकेत मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने लोकांना हुकूम सोडून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला लावले होते. झटके नकली होते, पण लोकांना ते ठाऊक नव्हतं. लंडनमध्ये मेल स्लेटर या संशोधकाने 2006 मध्ये तेच व्हीआरमध्ये केलं, 34 जणांवर. झटका खाणारी बाई संगणकाने बनवलेली होती आणि हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. तरी ज्यांना ती दिसत होती, ऐकू येत होती, त्यांच्या शरीराने ती खरी असल्यासारखीच दाद दिली.

"ते लोक वेडे नव्हते ना?"

नव्हते.

मिशिगन स्टेट विद्यापीठात संवादशास्त्र शिकवणाऱ्या रॉन टॅम्बोरिनी यांची कारकीर्दच या वाटेवर गेली. आधी भयपट बघताना माणसाच्या सहानुभूतीचं काय होतं, मग 2004 मध्ये व्हीआरमधल्या हिंसक गेम, पुढे नैतिकता. 2014 मध्ये मॅथ्यू ग्रिझर्ड यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की गेममध्ये वाईट बाजूने खेळून ज्यांना अपराधी वाटलं, ते दुसऱ्याला होणारी इजा आणि अन्याय याबाबत जास्त हळवे झाले. हे मी आईला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा सैलावला. पण अर्धंच सांगणं मला पटेना. 2017 मध्ये याच मंडळींना असंही आढळलं, की तोच गेम पुन्हापुन्हा खेळला की ती टोचणी बोथट होते.

"म्हणजे निबर होते तर!"

गेममधल्या माणसांबाबत, हो. खऱ्या माणसांबाबतही होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. खेळाबाहेर हाणामारी सुरू झाली असती, तो मुक्या जनावराला छळत असता, तर मी वेगळं बोलले असते. इथे तसं काही नव्हतं. इथे एक पोरगा तीन दिवस एका गोष्टीने कुरतडला जात होता आणि घरात ती सांगायला जागा नव्हती.

बाईंना हेडसेट मामाकडे परत पाठवायचा होता. मी अडवलं. काही वर्षांपूर्वी एका घराला मीच मोबाइल कुलपात ठेवायला सांगितला होता. पोरगा मित्राकडे जाऊन खेळायला लागला आणि घरी बोलणंच बंद झालं. ती चूक मला अजून आठवते.

तो गेम त्याने स्वतःच काढून टाकला. बाकीचे खेळायचे ते हॉलमध्ये, अर्धा तास. बहिणीने हेडसेट ओढायचा नाही, खांद्यावर टिचकी मारायची. आणि एकदा आईने तो डोळ्यांवर चढवायचा. ही अट माझी.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा बाई खुर्चीत बसायच्या आधीच हसायला लागल्या. मुलाने त्यांना उंच इमारतीच्या टोकावर, एका फळीवर उभं केलं होतं. त्या किंचाळल्या आणि हॉलच्या मधोमध मटकन खाली बसल्या.

"माहीत होतं जी, खाली फरशी आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "तरी बसले."