सकाळी अकराला दार कोण उघडणार?

वाचकांचे प्रश्न : परदेशातला छोटा धंदा

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. मी येवल्याच्या पैठण्या आणि खणाचे तयार ब्लाउज घरूनच विकते; गणपती-दिवाळीच्या मेळ्यांत स्टॉलही लावते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन सेवेकडून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून घेतली. त्यात रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या नावाने येणारे कोर्टाचे कागद घेणारा) पहिलं वर्ष फुकट होता, आता १४९ डॉलरचं बिल आलंय. मैत्रीण म्हणते, "पैसे कशाला घालवतेस? स्वतःचं नाव घाल, मीही तेच केलंय." ह्यांना घरचा पत्ता इंटरनेटवर यायला नकोय. पार्सलांसाठी मी एका दुकानात मेलबॉक्स भाड्याने घेतली आहे, तो पत्ता चालेल का? आणि हो, दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन मी नाशिकला जाते, मालाची खरेदीही तेव्हाच होते. काय करू?
— एक वाचक, फ्रिस्को

उत्तर : पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. नाशिकची. तिच्याकडे येते, पण आधी मैत्रिणीचं बघू.

मैत्रीण कायद्याने बरोबर आहे. टेक्सासमध्ये राहणारा मालक आपल्या कंपनीचा एजंट होऊ शकतो. कंपनी मात्र स्वतःची एजंट होऊ शकत नाही. फॉर्मच्या त्या रकान्यात एलएलसीचंच नाव लिहून मोकळे होणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. तुमचं स्वतःचं नाव हवं, आणि एजंट व्हायला मान्यता असल्याचा लेखी कागद हवा. तो सरकारकडे पाठवावा लागत नाही, कंपनीच्या फायलीत ठेवायचा.

आता काम काय, तर कोणी कंपनीवर दावा लावला की समन्स आपल्या हातात घ्यायचं आणि ते कंपनीच्या मालकापर्यंत पोचवायचं. मालक तुम्हीच, म्हणजे पोचवणंही नाही. ऐकायला फारच सोपं. पण समन्स बजावायला कॉन्स्टेबल येतो किंवा नेमलेला खाजगी माणूस येतो, आणि तो कामाच्या वेळेत, नोंदलेल्या पत्त्यावर येतो. त्या वेळेत तिथे कोणीतरी असावं, एवढ्यासाठीच तर हे पद आहे. पत्ता खऱ्या जागेचा लागतो. नुसती मेलबॉक्सची किंवा फोन उचलणारी सेवा टेक्सासच्या कायद्याला चालत नाही, त्यामुळे तुमच्या मेलबॉक्सचा प्रश्न इथेच मिटला. ती पार्सलांना असू दे.

दिवस कसे मोजतात ते बघा. टेक्सासच्या जिल्हा न्यायालयातलं समन्स बजावलं गेलं की २० दिवस जाऊ द्यायचे आणि त्यानंतर येणाऱ्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत उत्तर दाखल करायचं. समजा, कागद बुधवारी ३ जून २०२६ ला हातात पडला. २० दिवस २३ तारखेला संपतात, तो मंगळवार. म्हणजे मुदत सोमवार २९ जून, सकाळी १०. पण तुमच्या धंद्यातली भांडणं एवढ्या वर जायची नाहीत. "जरीचा रंग उतरला, पैसे परत द्या" असला दावा जस्टिस कोर्टात लागतो. तिथे २० हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि उत्तराला १४ दिवसच मिळतात. नाशिकला पोचून जेट लॅग उतरेपर्यंत त्यातले चार-पाच गेलेले असतात.

आणि उत्तर गेलंच नाही, तर एकतर्फी निकाल. मी इर्व्हिंगमध्ये बरीच वर्षं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिले. त्यातल्या एका उपाहारगृहवाल्याने जागा बदलली, पण एजंटचा पत्ता जुन्या गाळ्याचाच ठेवला. टेक्सासमध्ये योग्य प्रयत्न करूनही एजंट सापडला नाही, तर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या कंपनी-नोंदणी कचेरीच्या, हाती समन्स देता येतं, आणि ते कंपनीला बजावलं असंच धरलं जातं. तिथून पोचपावतीचं सर्टिफाइड टपाल निघालं, तेही जुन्याच पत्त्यावर. दावा होता फ्रीझर दुरुस्तीच्या थकलेल्या बिलाचा. त्याच्याकडे पैसे दिल्याची पावती होती, चेकची प्रत होती, सगळं होतं. त्याला पहिल्यांदा कळलं ते बँकेने खातं गोठवल्यावर. तोवर निकालाला ३० दिवस उलटून गेले होते आणि साध्या अर्जावर निकाल बदलून घ्यायची वेळ टळली होती. पुढे वकिलाला दिलेल्या पैशांत एजंटची कितीतरी वर्षांची फी निघाली असती.

आता ह्यांची काळजी, घरचा पत्ता. इथे मला थोडं निराश करावं लागणार. एजंट बाहेरचा ठेवला की घरचा पत्ता झाकला जातो असं या सेवा सुचवतात, आणि ते अर्धंच खरं आहे. तुमची एलएलसी नोंदवताना जो फॉर्म २०५ भरला गेला, त्यात कारभार पाहणाऱ्यांचं नाव आणि पत्ता असतो. तो कागद कोणालाही मागवता येतो. शिवाय दरवर्षी १५ मेपर्यंत कंट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या करखात्याकडे, पब्लिक इन्फर्मेशन रिपोर्ट जातो. फ्रँचायझी टॅक्स, म्हणजे धंद्यावरचा राज्याचा कर, एक पैसा लागत नसला तरी जातो, आणि त्यातही नाव-पत्ता असतो. नावातच 'पब्लिक' आहे, लपवलेलं काहीच नाही. तेव्हा आज संध्याकाळी दोन्ही कागद उघडून बघा. तिथे घरचाच पत्ता असेल तर १४९ डॉलर देऊन तुम्ही पुढच्या दाराला कुलूप घालताय आणि मागचं उघडं ठेवताय.

गंमत म्हणजे कारभाऱ्यांच्या त्या रकान्यात घरचा पत्ता घालायची सक्तीच नव्हती. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर धंद्याचा किंवा पोस्ट बॉक्सचा पत्ता द्या, असं फॉर्मच्या सूचनांमध्येच छापलंय. सूचना वाचतो कोण! पुढच्या रिपोर्टात मेलबॉक्सचा पत्ता घाला. जुना कागद मात्र पुसला जात नाही, हे ह्यांना आधीच सांगून ठेवा.

नोंदलेल्या पत्त्यावर आणखी एक पीक येतं ते पत्रांचं. 'अंतिम सूचना' असं लाल अक्षरात छापलेलं, गरुडाचं चित्र असलेलं, कामगार कायद्याची पोस्टरं किंवा कंपनीचा दाखला भलत्या किमतीला विकणारं पत्र येतं. अगदी खालच्या ओळीत बारीक टाइपात लिहिलेलं असतं की ही सरकारी नोटीस नाही. सरळ फाडून टाका. पण फाडण्याआधी ती ओळ शोधा, कारण खरी नोटीसही जवळपास तशीच दिसते.

मग तुम्ही काय करावं? तुम्ही बाराही महिने फ्रिस्कोत असतात तर मी म्हटलं असतं, घाला स्वतःचं नाव. घरूनच धंदा, दिवसा तुम्ही घरी, १४९ डॉलर वाचले. दुपारी बँकेत किंवा शाळेत गेलात म्हणून काही बिघडत नाही, माणूस पुन्हा येतो. पण शाळा मेअखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. एवढा काळ घराला कुलूप, आणि धंदा असा की घरोघरी गिऱ्हाईक. मी तुमच्या जागी असते तर बाहेरचा एजंट ठेवला असता. हे घरून काम करत असतील आणि उन्हाळ्यात इथेच राहत असतील, तर त्यांचं नाव घाला, फुकटात भागेल. ते ऑफिसला जाणारे असतील तर त्या फुकटात अर्थ नाही.

बाहेरचाच ठेवायचा तर याच सेवेचं बिल भरलं पाहिजे असं नाही. शंभर-सव्वाशेच्या आसपास चांगले मिळतात. किमतीपेक्षा दोन गोष्टी विचारा : समन्स आलं तर ते त्याच दिवशी स्कॅन करून पाठवतात का, आणि फोनही करतात का. मग भारतात सुरू असणारा नंबर आणि रोज उघडता तोच ईमेल त्यांना द्या. जाहिरातींच्या मेलसाठी काढलेल्या, कधीच न उघडणाऱ्या खात्याचा पत्ता देऊन ठेवणारेही असतात.

बदल करायचा ठरला तर फॉर्म ४०१ भरा, शुल्क १५ डॉलर. नवीन एजंटची नोंद झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुन्या सेवेचं ऑटो-रिन्यूअल बंद करा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या काळात कंपनीला एजंटच नाही अशी पाळी येते, आणि एजंट नसलेली कंपनी नोटीस देऊन बंद करायचा अधिकार टेक्सास राज्याला आहे.


प्रश्न : मी कोथरूडमधून सॉफ्टवेअर विकतो. गिऱ्हाइकं अमेरिकेतली, म्हणून एकट्याच्या नावाने डेलावेअरची एलएलसी काढली आहे. तिचा एजंट मीच झालो तर? किंवा न्यू जर्सीतल्या माझ्या भावाचा पत्ता घातला तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि नाही. एजंटचा पत्ता कंपनी जिथे नोंदली त्याच राज्यातला लागतो. भाऊ नदीपलीकडे राहतो, पण पलीकडेच. डेलावेअरमध्ये जागा नसलेल्या लाखो कंपन्या म्हणूनच तिथला एजंट पैसे देऊन ठेवतात. अशा एका एजंटचं कार्यालय असलेली विल्मिंग्टनमधली १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट ही एक बुटकीशी इमारत त्यापायी जगप्रसिद्ध झाली. आपल्याकडे प्रायव्हेट लिमिटेडच्या नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावावी लागते. तिथे तसा नियम असता तर त्या इमारतीला भिंती पुरल्या नसत्या.

एजंटची फी हा तुमचा सगळ्यात छोटा खर्च समजा. डेलावेअरचा ३०० डॉलर वार्षिक कर १ जूनपर्यंत भरायचा असतो. चुकला तर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. त्याची सूचना एजंटकडे जाते, म्हणून त्याच्याकडे तुमचा चालू ईमेल असायलाच हवा. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याची, पत्रं मात्र एजंटकडे जात नाहीत, तुम्ही त्यांना कळवलेल्या पत्त्यावर जातात. आणि परदेशी मालकाच्या एकमालकी एलएलसीला मालकाशी झालेल्या व्यवहारांची माहिती देणारा फॉर्म ५४७२ आयआरएसकडे भरावा लागतो, नफा झालेला नसला तरी. तो राहिला तर दंड २५ हजार डॉलरपासून सुरू होतो. भारतातून परदेशी कंपनीत पैसे घालण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम वेगळेच. ते तुमच्या सीएकडून आजच तपासून घ्या.


प्रश्न : पुतण्याने ह्यूस्टनला कंपनी काढली तेव्हा एजंट म्हणून माझं नाव दिलं. मी हो म्हटलं होतं. आता तो कॅलिफोर्नियात आहे, कंपनी चालू आहे की नाही तेही सांगत नाही, आणि त्याच्या नावाचे कागद माझ्या दारात येतात. त्याच्या देण्याला मी जबाबदार आहे का? सुटका कशी?
— एक निवृत्त काका, शुगर लँड

उत्तर : काका, निव्वळ एजंट असल्यामुळे कंपनीचं देणं तुमच्या अंगावर येत नाही. झोपा शांत. पण आलेला कागद खुंटीला लावून ठेवू नका. त्यावर आल्याची तारीख लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी पुतण्याला ईमेलने पाठवा, म्हणजे पाठवल्याचा पुरावा तुमच्याकडे राहील.

सुटका सोपी आहे. आधी कंपनीला, तिच्या तुम्हाला माहीत असलेल्या शेवटच्या पत्त्यावर, लेखी राजीनामा पाठवा. मग दहा दिवसांच्या आत सेक्रेटरी ऑफ स्टेटला कळवा. त्यासाठी फॉर्म ४०२ आहे. त्यांना तो मिळाल्यापासून ३१व्या दिवशी तुमचं नाव निघतं. तोवर आलेला कागद घ्यावाच लागेल. तुम्ही तेव्हा हो म्हटलं होतं म्हणून हा रस्ता. न विचारता नाव घातलं असतं तर नेमणूकच नाकारायचा स्वतंत्र फॉर्म आहे.

पुतण्याशी बोलायला वहिनींना पुढे करा. राजीनाम्याचं पाकीट मात्र त्याआधी टपालात पडू दे.